नुसतं भाडं बघून ठरवू नका
भाड्याचं घर ऑफिसपासून लांब घेतलं की भाडं कमी लागतं हे बरोबर आहे, पण त्यात महिन्याचा पास, स्टेशनपर्यंतची बस नाहीतर पार्किंग आणि मेंटेनन्स मिळवूनच दोन घरांची तुलना करा, बऱ्याचदा स्वस्त वाटलेलं घर तिथेच महाग पडतं. आणि प्लीज, सुट्टीच्या दिवशी दुपारी घर बघून लगेच टोकन देऊ नका! कामाच्या दिवशी ऐन गर्दीत दारापासून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा, रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे तेही बघून ठेवा, ती चुकली की टॅक्सीतच सगळी बचत जाते. एका बाजूने दीड तास म्हणजे ५ दिवसांच्या आठवड्यात १५ तास प्रवासातच. मला विचाराल तर एक खोली कमी चालेल, पण स्टेशन चालत जाण्यासारखं हवंच.