६७ एशिया: मद्रासहून सापडलेला लघुग्रह, गच्चीवरून दिसेल का?

गच्चीवरचा_अवी:
नमस्कार मंडळी. लघुग्रहांची यादी चाळताना '६७ एशिया' दिसला. शोध १७ एप्रिल १८६१, ठिकाण मद्रास वेधशाळा, शोधक नॉर्मन पॉग्सन. तेव्हा आकाशाचे फोटो घेऊन लघुग्रह शोधत नसत. मग हा ठिपका तारा नाही, हे कळलं कसं? नाव खंडावरूनच ना? आणि माझ्या सहा इंची दुर्बिणीतून कोथरूडच्या गच्चीवर तो दिसेल का?

दुर्बीणवाले_काका:
अवी, निम्मं काम दुर्बिणीनं नाही, नकाशानं केलंय. क्रांतिवृत्ताजवळचे, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळचे, अंधुक तारे हातानं टिपलेला नकाशा घ्यायचा आणि आकाशाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला, की शेजारच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना, असा लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश वक्री (उलटा, पश्चिमेकडे) सरकतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्मा. दुसऱ्या रात्री जागा बदललेली दिसली की संशय फिटला. पॉग्सन मुळात रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या मागे लागलेला माणूस, त्यामुळे अंधुक ताऱ्यांत वावरायची सवय होतीच. ऑक्सफर्डला १८५६ मध्ये त्यानं ४२ आयसिस हा लघुग्रह शोधला होता. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट, हे प्रमाणही त्याचंच. मद्रासला तो १८६१ मध्येच रुजू झाला आणि लगेच एशिया मिळवला. वेधशाळा नुंगमबाक्कमला होती. त्या आवारात आता हवामान खात्याचं कार्यालय आहे. तिथलेच त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

नाव दुहेरी आहे. ग्रीक पुराणात एशिया ही ओशनसची मुलगी. तेव्हा लघुग्रहांना देवीदेवतांची नावं द्यायचा प्रघात होता, तो पाळला गेला. आणि आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, तेही साधलं.

एशियाचं सूर्यापासून सरासरी अंतर २.४२ ख. ए. (खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). घन करून वर्गमूळ काढ, ३.७७ वर्षं येतील. तोच त्याचा प्रदक्षिणाकाळ. उपसूर्याला (सूर्याच्या सर्वांत जवळ) १.९७, अपसूर्याला (सर्वांत दूर) २.८७, कक्षेचा कल सहा अंश. प्रतियुती साधारण सोळा महिन्यांनी. उपसूर्याजवळ झाली तर तेज दहाव्या प्रतीच्या आसपास, अपसूर्याजवळ झाली तर बाराव्या. दहावी प्रत तुझ्या सहा इंचीला जमेल. बारावी कोथरूडच्या दिव्यांत विसर.

शततारका:
काका, एक शंका. गुरूमुळे २.५ ख. ए. ला लघुग्रहांच्या पट्ट्यात फट आहे म्हणतात. मग २.८७ पर्यंत जाणारा हा दर फेरीत त्या फटीतून पार होतो?

दुर्बीणवाले_काका:
होतो, आणि त्याला काही होत नाही. फट आकाशातल्या जागेत नाही, सरासरी अंतरांच्या आलेखात आहे. २.५ सरासरी असलेल्याचा प्रदक्षिणाकाळ ३.९५ वर्षं, गुरूच्या ११.८६ च्या बरोबर एक तृतीयांश. म्हणून गुरूचा हिसका त्याला ठरावीक ठिकाणीच बसत राहतो, लंबगोलपणा वाढतो आणि शेवटी तो तिथून हुसकला जातो. एशियाचं ३.७७ त्या हिशेबात बसत नाही. कोणत्याही क्षणी पट्ट्याचा वरून फोटो काढलास तर २.५ वर मोकळं कडं दिसणार नाही.

पिंगळा:
विषयांतराबद्दल क्षमस्व. भाचीच्या वाढदिवसाला तिच्या नावाचा लघुग्रह घ्यायचा विचार होता. एका साइटवर प्रमाणपत्रासकट मिळतो.

दुर्बीणवाले_काका:
पैसे वाचव. प्रमाणपत्राला कुणीही विचारत नाही. कक्षा पक्की झाली की आधी क्रमांक मिळतो, मग शोधक नाव सुचवतो, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती ते तपासते. जास्तीत जास्त सोळा अक्षरचिन्हं. विकत काहीच मिळत नाही. तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेतून १९८८ मध्ये राजमोहन यांना सापडलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला रामानुजन हे नाव याच वाटेनं मिळालं. त्यापेक्षा भाचीला एक द्विनेत्री घेऊन दे.

गच्चीवरचा_अवी:
काका, आभार. पुढची प्रतियुती कधी आहे ते स्टेलारियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघतो. अपसूर्याजवळची निघाली तर दुर्बीण घेऊन अंधाऱ्या आकाशासाठी भोरकडे जाईन. कुणी येणार?