‘सेटल्ड’ शेरा आधी बघा

नवरा-बायकोला घरासाठी कर्ज हवं असेल आणि नवऱ्याचे जुने हप्ते थकलेले असतील, तर ‘मग कर्ज एकटीच्या नावावर काढ’ असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. घराच्या करारात त्याचं नाव मालक म्हणून असेल तर बहुतेक बँका त्याला सहकर्जदार करूनच घेतात, आणि मग त्याचाही सिबिल रिपोर्ट (आधीची कर्जं कशी फेडली याची नोंद) बघतातच. त्याला कर्जातून वगळायचं म्हणजे मालकीतूनही वगळायचं. हे घाईत ठरवू नका.

आमचं गाडं उशिरा भरलेल्या हप्त्यांवर अडलंच नाही. ह्यांनी जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोडीत कमी रक्कम भरून मिटवली होती. आम्हाला वाटलं विषय संपला, पण रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा होता आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग सूट मिळालेली उरलेली रक्कम भरली, कार्डवाल्यांकडून नो ड्यूजचं (काही देणं बाकी नाही असं) पत्र घेतलं, शेरा ‘क्लोज्ड’ म्हणजे खातं पूर्ण फेडून बंद, असा करवून घेतला आणि त्यानंतरच पुन्हा अर्ज केला. कर्ज मंजूर झालं. उशिराच्या नोंदी पुसल्या जात नाहीत, रिपोर्टात ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो, पण अलीकडचे हप्ते वेळेवर असले की बोलायला जागा राहते.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, चौघांकडूनही वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढाच. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.