डिझेल होडी नक्की कुठल्या स्पीडला कमी तेल पिते? कोकणातल्या दर्यावरच्या लोकांचा सल्ला हवाय

देवबागचा किनारा
नमस्कार मंडळी. काकांची जुनी फायबरची होडी यंदा माझ्याकडे आली. ३२ फुटी, पण पाण्याला टेकते ती लांबी टेप लावून मोजली तर २८ फूट भरली, आत ६० एचपीचं साधं बिनटर्बोचं मशीन, पोट गोल आणि जड, म्हणजे पाण्यावर उचलून पळणाऱ्यातली नाही. गळाने मासे पकडायची हौस असलेली गिऱ्हाइकं घेऊन मालवणहून देवगडपर्यंत जातो, साधारण २० नॉटिकल मैल. गेल्या खेपेला पूर्ण रेस देऊन गेलो तर एका बाजूलाच ३० लिटर डिझेल गेलं आणि हातात काही उरलं नाही. काका सांगायचे की मशीन २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर कधी न्यायचं नाही, पण का ते मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. कुठल्या आरपीएमला चालवू म्हणजे परवडेल? डिझेल मोजायचा मीटर नाहीये, फोनवर जीपीएस आहे तेवढाच.

खाडीपलीकडचा
काका बरोबर सांगत होते. गोल पोटाची होडी पाणी बाजूला सारत जाते, आणि जाताना स्वतःची लाट तयार करते, स्पीड वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. एक वेळ अशी येते की लाटेचा एक डोंगर नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, आणि दुसरा पार मागे, होडी मधल्या खड्ड्यात बसते, त्यापुढे जेवढी रेस द्याल ती सगळी स्वतःच्याच लाटेवर चढण्यात जाते. याचा हिशोब सोपा आहे, पाण्यातली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलात येतं. तुझ्या २८ फुटाला ७.१ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. ही तुझी वरची हद्द समज, चालवायचा स्पीड नाही. चालवायचा त्याच्या बराच खाली, कारण लागणारी ताकद स्पीडच्या साधारण घनाने वाढते, स्पीड १० टक्के कमी केला तर मशीनवरचा लोड पाव भागाहून जास्त उतरतो. आणि एक गोष्ट, तासाला किती लिटर हे बघू नको, मैलाला किती लिटर ते बघ. तासाचा आकडा फसवतो.

मशीनवाला रत्नागिरी
वरचं सगळं बरोबर पण शेवटी स्वतःच्या होडीवर मोजल्याशिवाय काही खरं नाही, दोन सारख्या होड्यांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. मीटर नसला तरी चालतं. २० लिटरचा पारदर्शक कॅन घे, लिटरला एकेक खूण कर, आणि मशीनला टाकीऐवजी त्या कॅनमधून डिझेल दे. आता नीट ऐक, इथेच लोक चुकतात. डिझेल मशीन जेवढं ओढतं तेवढं सगळं जाळत नाही, उरलेलं रिटर्न पाइपने परत पाठवतं, तो रिटर्न पाइपही त्याच कॅनमध्ये सोडायचा. तो टाकीत राहिला तर कॅन भराभर रिकामा होईल आणि होडी फार पिते असा खोटा आकडा येईल. एका आरपीएमला अर्धा तास चालव, पंधरा मिनिटं जाताना पंधरा मिनिटं त्याच लाइनीत परत येताना, आणि जीपीएसच्या दोन्ही स्पीडची सरासरी घे. जीपीएस जमिनीवरचा स्पीड दाखवतो, पाण्यातला नाही, एकाच बाजूचा आकडा धरलास तर पाण्याची ओढ पण त्यात मोजली जाईल. पाइप बदलताना हवा शिरली तर मशीन बंद पडतं, म्हणून हे काम खडपाजवळ नको, मोकळ्या पाण्यात, आणि सोबत माणूस पाहिजे.

अजून एक बघ. पूर्ण रेस दिल्यावर मशीन प्लेटवर लिहिलेल्या आरपीएमपर्यंत जातं का? जात नसेल आणि काळा धूर ओकत असेल तर पाण्यातला पंखा (प्रोपेलर) मशीनला जड होतोय किंवा बुडाला घाण बसलीय. ते आधी निस्तर, मग मोजायला बस.

जुनो दर्यावर्दी
रे बाबा, आधी होडयेचा बूड बघ. ऑगस्टपासून पाण्यात हा ना? शेवाळ आणि ती बारीक कवचा धरली की मशीन कितीय चांगला असूदे, तेल पिताच. पंख्यार चार कवचा बसली तरी फरक पडता. घासून काढ आणि मगे मोजूक बस.
आणि मोजूचो दिवस निवडूक व्हयो. आवस-पुनवेक उधाण, पाण्याची ओढ जोरात, तेव्हा मोजू नको. अष्टमी-नवमीक भांग असता, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी शांत. आमचो जुनो हिशोब म्हायत असतलोच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजान येता, अष्टमीक सहा. म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराक ओहोटी संपता आणि पाणी थोडा वेळ थांबता. वारो पण बघ, दुपारनंतर दर्यावरसून वारो सुटलो की लाट येता, सकाळचो मतलई, म्हणजे जमिनीवरसून येवचो वारो, बरो.

हर्णैकर
माझी २२ फुटी आहे, सपाट पोटाची, डिझेलचीच. तिचं गणित वेगळं म्हणून लिहितो, नाहीतर कुणी वाचून गोंधळेल. अशी होडी एकतर अगदी सावकाश चालवायची नाहीतर पूर्ण उचलून पाण्यावर आली की थोडी रेस कमी करून तिथेच ठेवायची. मधला जो टप्पा असतो, नाळ आभाळाकडे, मागचा भाग बसलेला आणि मागे मोठी लाट, तिथे मैलाला सगळ्यात जास्त डिझेल जातं. माणसं आणि बर्फाच्या पेट्या थोड्या पुढे सरकवल्या तर लवकर उचलते.

देवबागचा किनारा
सगळ्यांचे मनापासून आभार. बूड आणि पंखा दोन्ही घासून घेतले, आणि कालच्या अष्टमीला अकरा वाजता बाहेर पडून दोनपर्यंत मोजत बसलो, भाऊ सोबत होता. रिटर्न पाइपचं सांगितलं नसतं तर मी नक्की चुकलो असतो.
१३०० आरपीएमला ५ नॉट, तासाला २.१ लिटर, म्हणजे मैलाला ०.४२.
१६०० ला ६ नॉट, ३.८ लिटर, मैलाला ०.६३.
१९५० ला ७ नॉट, ७ लिटर, मैलाला बरोबर १.
२३५० ला फक्त ७.७ नॉट आणि तासाला ११.५ लिटर, मैलाला दीडच्या जवळ!
म्हणजे देवगडला पूर्ण रेसने ३० लिटर लागतात आणि १६०० ने साडेबारा-तेरा, आणि वेळ जास्त किती तर पाऊण तास. काकांचं २००० का ते आता कळलं, आकडे बघून भावाला आणि मला दोघांनाही त्यांची फार आठवण आली. एक शंका, १३०० ला तर अजून कमी जातंय, मग तिथेच चालवू का?

मशीनवाला रत्नागिरी
मोजमाप छान केलंस. १३०० ला देवगडला चार तास लागतील, गिऱ्हाईक कंटाळेल, आणि डिझेल मशीन तासन्‌तास बिनलोडचं थंड चालवलं की नीट जळत नाही, कार्बन धरतं. मुक्कामाला टेकायच्या आधी पंधरा मिनिटं चांगल्या लोडवर गरम करून घेत जा. माझ्या मते तुझ्यासाठी १६०० ते १७००. समोरून ओढ असेल तर थोडी वाढव. एक नॉटची ओढ विरुद्ध असेल तर तुझे ६ चे ५ होतात आणि मैलाला ०.६३ चं ०.७६ होतं, सोबत असेल तर ०.५४. म्हणून निघायची वेळ पाणी बघून ठरवणं हीच सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

देवबागचा किनारा
१६०० पक्कं. शनिवारी विजयदुर्गला जायचं ठरतंय, ३० मैल, म्हणजे १९ लिटर जायला. ४० भरून नेले तर पुरतील ना?

खाडीपलीकडचा
नाही. एक भाग जायला, एक यायला आणि एक भाग तसाच शिल्लक, त्यामुळे ६० भर. वारा फिरला तर तुझा मैलाचा आकडा बदलणार आहे. आणि निघताना परत यायची वेळ घरी सांगून ठेव.