मदत हवी आहे: नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को विमानाचं अंतर नेमकं किती?

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले. पोरगी आठवीत आहे. तिचा मामा सॅन फ्रान्सिस्कोला राहतो, तो आपल्यापासून किती लांब, हे तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं आहे. इकडे कापूस वेचायला बाया मिळून नाही राहिल्या अन् घरात हे सुरू!

नेटवर एका ठिकाणी १३,१०० च्या आसपास आकडा दिसतो, दुसरीकडे ८,१५०, तिसरीकडे ७,०८०. काही समजून नाही राहिलं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक करत अमेरिकेत घुसते. मामा म्हणतो, जवळची वाट वरून, बर्फावरून आहे. खरं काय धरायचं? अन् नागपूर शहरातल्या झिरो माईलच्या खांबापासून मोजायचं की सोनेगावच्या विमानतळापासून?

प्रतिसाद १: दादा, तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटर, दुसरा मैल, तिसरा सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, विमानवाले तोच वापरतात. झिरो माईलची काळजी सोडा, तेरा हजारांत पाच-सात किमी कुठं दिसणार? पट्टी मात्र बाजूला ठेवा. गोल पृथ्वी चपटी करून नकाशा काढतात, त्यामुळे तुमची ती सरळ रेघ प्रत्यक्षात १९ हजार किमीच्या वर भरते. पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा.

धागाकर्ता: शाळेतून गोल आणला. पॅसिफिकचा रंग पोपडे निघून गेलेला, पण काम झालं. विषुववृत्ताला दोरा ९४ सेंमी लागला, नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को ३१. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी धरून १३,२०० च्या जवळ आलं. दोरा नेपाळ, तिबेट, सायबेरिया, अलास्का करत गेला! मामा बरोबर निघाला, आता फोनवर ऐकावं लागेल. पण तिकीट तर दिल्लीवरून असते?

प्रतिसाद २: दिल्लीवरून जेमतेम सव्वाशे किमीचा फेर पडतो. मात्र दोऱ्याची वाट ही सगळ्यात जवळची, विमान त्याच वाटेनं जाईल असं नाही. तिबेटवरून जाणं वैमानिक टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर झटकन खाली उतरावं लागतं अन् खाली तर डोंगर. शिवाय वारं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ १२,४०० किमीच्या आसपास, पण २०१६ मध्ये एअर इंडियाचं विमान पॅसिफिकवरून १५,३०० किमी उडत साडेचौदा तासांत पोचलं. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते पाठीशी होते.

धागाकर्ता: म्हणजे लांबच्या वाटेनं लवकर! हे पोरीला लय आवडलं. तक्त्यावर किलोमीटरच लिहू. वाऱ्याचं दाखवायला कागदी विमान अन् टेबलफॅन चालेल का? शाळेत लाइटीचा भरवसा नाही, बॅटरीवरचं काही सुचवा.