टेकडीवर कुत्रीसोबत सकाळची फेरी : वसंतात काय दिसेल, कसं पाहावं?

पळसपान
पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी सव्वासहा ते सव्वासात कुत्रीला फिरवणं असतं. देशी आहे, ३ वर्षांची, १८ किलो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या दिवसांत पक्षी-प्राणी नीट बघायचे आहेत. पण एका हातात पट्टा, दुसऱ्यात दुर्बीण आणि तिनं ओढलं की सगळं हुकतं. थांबावं कुठे? शिवाय पठारावर टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात, तेव्हा काय करायचं?

भारद्वाज
चालता चालता पाहू नका. वाटेवरची दोन-तीन झाडं ठरवा आणि प्रत्येकापाशी ५ ते ७ मिनिटं उभ्या राहा. पानगळीनं फांद्या उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे पक्षी ओळखायला शिकायचं तर हेच दिवस. काटेसावर, पांगारा, पळस यांपैकी जे फुललं असेल ते निवडा. मधासाठी शिंजीर, बुलबुल, भांगपाडी मैना, कोतवाल येतात. नशीब असेल तर परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचा थवा. झाडाच्या थेट खाली नको, १५-२० मीटरवर सूर्य पाठीशी घेऊन. खालून पाहिलं की पक्षी आभाळासमोर नुसता काळा दिसतो.

तांबट पक्ष्याचं 'टुक् टुक् टुक्' ऐकून आवाजामागे जाऊ नका. तो ओरडताना डोकं इकडेतिकडे वळवतो, म्हणून दिशा फसते. त्यापेक्षा वाळक्या फांद्या तपासा : खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक आणि जमिनीवर ताजा भुसा असेल, तर ढोलीचं काम चालू आहे.

पट्टा साधा, २ मीटरचा. सोबत छातीचा हार्नेस. गुंडाळीतून लांबत जाणारा पट्टा नकोच, लॉक दाबेपर्यंत ती गवतात पोचलेली असते. दुर्बीण ८×३० किंवा ८×४२ घ्या, १० पटीची फार थरथरते. थांबलात की पट्ट्याचं टोक मनगटात आणि मधला भाग बुटाखाली. तिला उभं राहता यावं, उडी घेता येऊ नये, एवढीच ढील. दोन्ही हात मोकळे होतात. कमरेला मात्र बांधू नका, उतारावर १८ किलोचा हिसका तोंडावर पाडेल. पहिला आठवडा दुर्बीण घरीच ठेवा आणि फक्त थांबायची सवय लावा : शांत राहिली की हरभऱ्याएवढा खाऊ, आधी ५ सेकंदांनी, मग १०, मग अर्ध्या मिनिटानं.

माळरान
टिटवीबद्दल. मार्चपासून तिची वीण सुरू होते. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, भोवती खडे आणि लेंड्या. अंडी बहुधा ४, मातकट रंगावर काळे डाग. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. नर-मादी दोघंही आळीपाळीनं सुमारे ४ आठवडे उबवतात.

ओरडा सुरू झाला की तिथेच थांबा, पट्टा हाताएवढा आखूड करा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. पुढे रेटू नका. पिल्लं बाहेर पडलेली असतील तर इशारा ऐकताच ती जमिनीला चिकटून बसतात आणि सहज पायाखाली येतात. टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे पळाली, तर ते कुत्रीला घरट्यापासून दूर नेणं असतं. कुत्रीला टिटवीच्या मागे सोडाल तर पक्षी तिला पार पठारभर फिरवेल आणि तेवढा वेळ अंडी उघडी राहतील. उन्हाळ्यात प्रश्न उबेचा नसून उन्हाचा असतो. पोटाची पिसं पाण्यात भिजवून टिटवी अंडी थंड ठेवते. तिला बराच वेळ हुसकावलं तर आतला जीव उन्हानं मरू शकतो. ती जागा लक्षात ठेवून महिनाभर वाट बदला. फोटोसाठी जवळ जाऊ नका, ठिकाणही कुठे टाकू नका.

चतुर
कुत्रीकडेच बघायला शिका. नाक जमिनीला आणि शेपूट ताठ म्हणजे ताजा वास : ससा, मुंगूस किंवा तित्तिर नुकताच गेलेला. मान वर आणि कान पुढे म्हणजे आवाज. त्याच दिशेला दुर्बीण लावा. मधेच थबकून अंग मागे घेतलं तर तिला लगेच ओढून घ्या, तिथे साप असू शकतो. कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार घोणसाचा. दगडांच्या ढिगात आणि पालापाचोळ्यात तिला नाक खुपसू देऊ नका.

साप चावलाच तर तिला चालवू नका, उचलून न्या. घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका. निघतानाच पशुवैद्यांना फोन करून प्रतिसर्पविष आहे का विचारा.

घरी आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका.

पळसपान
फार उपयोगी. लाल डोक्याचा सरडा मात्र सकाळी कधीच दिसत नाही, असं का?

चतुर
अंग तापल्याशिवाय तो बाहेर येत नाही. साधारण नऊनंतर नर कुंपणाच्या खांबावर किंवा दगडावर चढून जोर काढल्यासारखं डोकं खालीवर करतो. तेव्हा रस्ताही तापलेला असतो. हाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवता आली नाही, तर तिला नेऊ नका. सरडे पाहायला एकट्याच जा.