मदत हवी आहे: माझं उत्तर ०.३०८५, पुस्तकात ०.०२२८. चूक कुणाची?

झेडग्रस्त (रात्री ९:१२)
दुधाच्या पिशवीचं गणित आहे. सरासरी ५०२ मिली, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार) ४ मिली, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन (घंटेच्या आकाराचं वितरण). ५०० पेक्षा कमी असण्याची शक्यता काढा. झेड, म्हणजे सरासरीपासून किती एसडी दूर = (५०० − ५०२) ÷ ४ = −०.५. टेबलमधून ०.३०८५. पाच वेळा करून पाहिलं, तेच येतंय. पुस्तकात मागे ०.०२२८ दिलंय. छपाईची चूक आहे का? उद्या सकाळी टेस्ट आहे, पटकन सांगा. थिअरी नको, ती वाचून झालीये.

आडवा_छेद (९:२०)
टेबल कुठलं वापरताय? काही पुस्तकांत शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं, काहींत डावीकडून सगळं. पहिल्या प्रकारात ०.५ समोर ०.१९१५ दिसतं, ते ०.५ मधून वजा करावं लागतं. निम्मी मुलं तिथेच आपटतात.

झेडग्रस्त (९:२३)
तेच केलंय. ०.५ − ०.१९१५ = ०.३०८५. टेबलचा प्रश्न नाहीये.

कोरडा_शिधा (९:२६)
छपाईची चूक. मागची उत्तरं कोण तपासतं? ०.३०८५ लिहा आणि झोपा.

फॉर्म्युलेश्वर (९:२९)
टेबल हवंच कशाला? एक्सेलमध्ये नॉर्म-डिस्ट फंक्शनला ५००, ५०२, ४ आणि शेवटी ट्रू द्या. उत्तर चार सेकंदांत.

आडवा_छेद (९:३१)
आणि तेही ०.३०८५ च देईल. शिवाय टेस्टला एक्सेल कोण देणार?

तिरकी_रेघ (९:३४)
छपाईची चूक नाही. उत्तराकडून उलटे या: डावीकडे ०.०२२८ क्षेत्रफळ म्हणजे झेड = −२. तुमचा झेड −०.५, म्हणजे बरोबर चारपट फरक. चार हे १६ चं वर्गमूळ. तुमच्या गणितात कुठेतरी १६ हा आकडा आहे आणि तो तुम्ही इथे लिहिलेला नाही. गणित शब्दशः टाका.

झेडग्रस्त (९:३८)
हो, ‘१६ पिशव्यांचा यादृच्छिक नमुना घेतला’ असं आहे. पण ते नुसतं वर्णन ना? सरासरी तर ५०२ च राहते.
पूर्ण असं: (अ) एक पिशवी ५०० पेक्षा कमी भरण्याची शक्यता. (आ) १६ पिशव्यांची सरासरी ५०० पेक्षा कमी असण्याची शक्यता. (इ) १६ पैकी किमान एक पिशवी कमी भरण्याची शक्यता.
(अ) चं उत्तर मागे ०.३०८५ च आहे, हे आत्ता दिसलं. मी (आ) करत होतो.

आडवा_छेद (९:३९)
हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

तिरकी_रेघ (९:५१)
सरासरी ५०२ च राहते, बरोबर. पण ४ मिली हा एका पिशवीचा चढउतार आहे. (आ) मध्ये झेड पिशवीचा नाही, सरासरीचा काढायचाय, आणि सरासरीचा चढउतार वेगळा असतो.

सूत्र बाजूला ठेवा, १६ पिशव्या एका घमेल्यात ओता. एकूण दूध अपेक्षित १६ × ५०२ = ८०३२ मिली. एकूण दुधाचा चढउतार किती? १६ × ४ = ६४ नव्हे. तो ६४ तेव्हाच होईल, जेव्हा सगळ्या पिशव्या एकदमच कमी किंवा एकदमच जास्त भरतील. इथे एक ३ मिलीने कमी, दुसरी ५ ने जास्त, बरंचसं एकमेकांत मिटून जातं. म्हणून एसडीची बेरीज करायची नाही, त्यांच्या वर्गांची, म्हणजे व्हेरियन्सची करायची: १६ × (४ × ४) = २५६. वर्गमूळ १६ मिली. सरासरी ५०० पेक्षा कमी म्हणजे घमेल्यात ८००० पेक्षा कमी. झेड = (८००० − ८०३२) ÷ १६ = −२. आलं ०.०२२८.

आता घमेल्यातलं सगळं १६ ने भागा: ८०३२ चे ५०२ झाले, १६ मिलीचा १ मिली झाला. हा १ मिली म्हणजेच स्टँडर्ड एरर, ४ ÷ √१६. मुळाखालचा एन (नमुन्यातल्या पिशव्यांची संख्या) येतो तो असा. घाईत कुणी नुसत्या १६ ने भागलं तर ०.२५ येईल आणि झेड −८ होईल. झेड पाचाच्या पुढे गेला की आधी वर्गमूळ विसरलंय का ते बघायचं.

कोरडा_शिधा (९:५५)
बरं, छपाईची चूक नाही. पण १६ हे ३० पेक्षा कमी आहे, सेंट्रल लिमिट थिअरम (नमुना मोठा असला की सरासरी नॉर्मलकडे सरकते) लागूच होत नाही. टी टेबल हवं.

आडवा_छेद (१०:०२)
दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ झालीये.
एक, पिशव्यांचं वितरणच नॉर्मल दिलंय. मग सरासरीही नॉर्मल, एन २ असला तरी. थिअरमला हात लावायची गरजच नाही.
दोन, टी हा एन लहान म्हणून येत नाही, सिग्मा (खरी एसडी) माहीत नाही म्हणून येतो. इथे ४ मिली दिलाय, म्हणून झेड. तोच ४ जर या १६ पिशव्या मोजून काढला असता, तर १५ (एन वजा १) डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी आला असता आणि दोन्ही बाजू मिळून ५ टक्क्यांची सीमा १.९६ ऐवजी २.१३१ झाली असती. गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या नावाने हेच मांडलं. तो डब्लिनला गिनेसच्या दारूभट्टीत होता, लहान नमुन्यांवरच भागवावं लागायचं.

कोरडा_शिधा (१०:०५)
मग ३० चा नियम काय उगाच शिकवतात?

आडवा_छेद (१०:११)
उगाच नाही, पण त्याला नियम म्हणू नका. मूळ वितरण किती कललेलं आहे यावर सगळं अवलंबून. एका बाजूला लांब शेपटी असलेल्या एक्स्पोनेन्शियल वितरणाचा स्क्यूनेस (कल मोजणारा आकडा) २. तीस जणांच्या सरासरीत तो २ ÷ √३० म्हणजे ०.३७ उरतो, शेपटीकडे अजून जाणवतो. मूळ वितरण सममित असेल तर दहाही पुरतात. आणि ‘एन ३० झाला की डेटा नॉर्मल होतो’ हे तर साफ चूक. डेटा आहे तसाच राहतो, नॉर्मलकडे सरकते ती सरासरी.

फॉर्म्युलेश्वर (१०:१४)
म्हणूनच म्हणतो, एक्सेल. नॉर्म-इन्व्हमध्ये रँड, ५०२ आणि ४ टाका. ते १६ रकान्यांत आणि १००० ओळींत ओढा. सतराव्या रकान्यात प्रत्येक ओळीची सरासरी. पहिल्या रकान्याची एसडी ४ च्या आसपास येईल, सतराव्याची १ च्या. सतराव्यात ५०० च्या खाली वीस-पंचवीस ओळी सापडतील. सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन म्हणतात ते हेच, सतरावा रकाना. एफ९ दाबत राहा, दर वेळी नवे आकडे येतील.

तिरकी_रेघ (१०:१६)
या वेळी एक्सेलला माझाही पाठिंबा.

पाश्चराईज्ड (१०:२४)
अवांतर: प्रत्यक्षात हे गणित असं चालत नाही. लागोपाठच्या १६ पिशव्या एकाच नोझलमधून येतात, नोझल कमी भरत असेल तर सगळ्याच कमी भरतात. दर दोन पिशव्यांत ०.२ इतका सहसंबंध धरला तरी सरासरीचा व्हेरियन्स १ + १५ × ०.२ = ४ पट होतो. स्टँडर्ड एरर १ ऐवजी २ मिली, झेड −१, शक्यता ०.१५८७. म्हणून नमुना एका दमात उचलायचा नसतो, वेगवेगळ्या वेळी घ्यायचा. गणितातला ‘यादृच्छिक’ हा शब्द नुसतं वर्णन नाही तो असा.

भाजीवाली_पिशवी (१०:२९)
म्हणजे ३१ टक्के पिशव्यांत कमी दूध? हे कायद्यात बसतं?

पाश्चराईज्ड (१०:३५)
बसू शकतं. पॅकेज्ड कमॉडिटीज नियम, २०११ मध्ये दोन गोष्टी बघतात: नमुन्याची सरासरी आणि एकेका पाकिटातली तूट. ५०० मिलीला ३ टक्के, म्हणजे १५ मिली तुटीपर्यंत सूट आहे. इथे ४८५ च्या खाली जायला झेड −४.२५ लागतो, लाखात साधारण एक पिशवी. आणि घरी काट्यावर तपासणार असाल तर लिटरला साधारण १.०३ किलो धरा. ५०० मिली दूध ५१५ ग्रॅम भरतं. काट्यावर ५०० दिसले तर दूध ४८५ मिलीच आहे.

भाजीवाली_पिशवी (१०:३७)
आमचा काटा ५०० दाखवला की मी खूश व्हायचे.

झेडग्रस्त (१०:४१)
दूध नंतर, (इ) सांगा. ०.३०८५ × १६ केलं तर ४.९३६ येतंय. शक्यता एकाच्या वर कशी?

तिरकी_रेघ (१०:४४)
ती शक्यता नाही, १६ पैकी सरासरी किती पिशव्या कमी भरतील तो आकडा आहे. ‘किमान एक’ दिसलं की उलट बाजूने जा: सगळ्या सोळा पुरेशा भरण्याची शक्यता ०.६९१५ चा सोळावा घात, साधारण ०.००२७. एकातून वजा करा, ०.९९७३. इथे ४ ला वर्गमुळाने भागायचं नाही, कारण प्रश्न पुन्हा एकेका पिशवीचा आहे.

झेडग्रस्त (१०:५२)
जुळलं! धन्यवाद सगळ्यांना. आता पुढचं: सरासरी ६०, एसडी १२, शक्यता ०.०४५६ पेक्षा कमी हवी. यात एन कसा काढायचा?

आडवा_छेद (१०:५३)
गणित शब्दशः टाका.