मदत हवी आहे: शामोनी ते झरमॅट स्कीवरून, चौघं मित्र, गाइडशिवाय जमेल का?

केळीपट्टा_रावेर

राम राम मंडई. चौघं आहोत. दोघं रावेरचे, एक जळगावचा, एक नोकरीमुळे म्युनिकला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात फ्रान्समधलं शामोनी ते स्वित्झर्लंडमधलं झरमॅट (ज्याला ओत रूट म्हणतात) हटमधून हटमध्ये (डोंगरातली मुक्कामाची घरं) मुक्काम करत स्कीवरून करायचं घाटतंय. आम्हा तिघांचे गुलमर्गचे बेसिक आणि इंटरमिजिएट कोर्स झालेत. म्युनिकवाला तीन सीझन स्की टूरिंग (स्कीवरूनच डोंगर चढणं-उतरणं) करतोय. हिमनदीवर दोर बांधून मात्र कुणीच चाललेलं नाही.

पहिला प्रश्न, गाइड न घेता जमेल का? मग बाकीचे. दोर किती आणि कसला घ्यावा? हार्शआयझन (स्कीखाली लावायचे दात) घ्यावेच लागतात की क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायचे दात) भागतं? इथे ४३ अंशात तयारी काय करायची? व्हिसा कुठला काढायचा? व्हिडिओत सगळं सोपं दिसतं, म्हणून जास्तच शंका येतेय.

लळिंगची_वाट

शंका बरोबर आहे. व्हिडिओ निघतात ते ऊन पडलेल्या दिवशी. त्या दिवशी हा मार्ग खरंच सोपा असतो, पुढे गेलेल्यांचा माग पकडून चालायचं. ढग खाली उतरले की तोच माग दहा मिनिटांत पुसला जातो आणि पुढचा माणूसही दिसत नाही.

एप्रिल २०१८ च्या शेवटी पिन्य दारोला शिखराच्या बाजूने विन्येत हटकडे येणारे चौदा जण वादळात अडकले, रात्र उघड्यावर काढली आणि त्यातले सात गेले. हट तिथून फार लांब नव्हती. एका गटाबरोबर गाइडही होता, तोही गेला. मार्च २०२४ मध्ये झरमॅटहून आरोलाकडे निघालेले सहा जण तेत ब्लांश शिखराजवळ वादळात सापडले, एकही वाचला नाही. दोन्ही वेळी घात केला तो वारा, थंडी आणि न दिसण्याने. स्की कच्ची असल्याने नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोराचा सराव नसताना चौघांनी गाइडशिवाय जाऊ नये. आणि गाइड घेतला तरी प्रत्येक दिवसाची पळवाट स्वतःला पाठ हवी. नकाशा उघडा आणि आधी बाहेर पडायच्या वाटा रंगवा, मग मुक्काम.

त्रियाँ हटवरून खाली शांपे गाव आहे, तिथून सुटका सोपी. पुढे बहुतेक जण गाडीने व्हर्बिएला जाऊन लिफ्टने मोंफोर हट गाठतात. तिथून रोझाब्लांश शिखराकडे निघाल्यावर हवा फिरली तर सरळ व्हर्बिएला परत. दीस हटवरून पिन्य दारोला (३७९० मी.) ढगात असेल तर तिकडे जायचंच नाही. पा द शेव्हर नावाची खिंड आहे, तिथे लोखंडी शिड्या आहेत. त्या चढून खिंडीत पोचलात की पलीकडे उताराने आरोला गाव. विन्येत हटवरूनही पियेस हिमनदीने आरोलाला उतरता येतं.

खरी गाठ शेवटच्या दिवशी आहे. विन्येत ते झरमॅट तीन खिंडी: एव्हेक (३३९२ मी.), मों ब्रुले (३२१३ मी.), व्हालपेलीन (३५६८ मी.). एव्हेक उतरलात की आरोलाच्या वरच्या हिमनदीवर येता, आणि तिथून डावीकडे उताराने आरोला गाठता येतं. ही शेवटची सोपी पळवाट. ब्रुले चढून पलीकडे गेलात की इटलीच्या अंगाला पोचता. मग एक तर व्हालपेलीन चढा, नाही तर आलात तसं परत ब्रुले चढा. म्हणून निर्णय ब्रुलेच्या पायथ्याशी घ्यायचा, माथ्यावर नाही. पहाटे साडेपाच-सहाला हट सोडून नऊ-साडेनऊपर्यंत तिथे नसाल, किंवा व्हालपेलीनवर ढगाची टोपी दिसत असेल, तर डावीकडे वळा. झरमॅटला बस आणि रेल्वेनेही जाता येतं.

धुळ्याचा_भाऊ

आणखी एक. जुन्या लेखांत पहिला दिवस "ग्राँ मोंतेच्या केबल कारने वर जा आणि खाली आर्जांतिएर हिमनदीवर उतरा" असा असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या केबल कारच्या मधल्या स्टेशनला आग लागली आणि वरचा टप्पा बंद पडला. निघण्याआधी त्याची ताजी स्थिती बघा. नसेल तर पहिल्याच दिवशी चढ आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि लोक नेमका तो हिशेब विसरतात.

तापीकाठ

दोराचं सांगतो, कारण इथेच गणित चुकतं.

चौघं एका ३० मीटरच्या दोरात दहा-दहा मीटरवर बांधले तर दोर संपला. एक जण हिमभेगेत गेला तर त्याला ओढायला दोर आणणार कुठून? म्हणून ३० मीटरचे दोन दोर हवेत. एक बांधलेला, दुसरा मोकळा, आणि मोकळा दोर पुढच्या माणसाच्या सॅकमध्ये कधीच नाही. पडण्याची शक्यता सर्वात जास्त त्याची, आणि तो पडला की सुटकेचं सामानही त्याच्याबरोबर खाली. दोघांचीच जोडी असेल तर अंतर १२ ते १५ मीटर ठेवून मधल्या दोराला गाठी मारतात. दोर भेगेच्या काठावरच्या बर्फात घासत जातो तेव्हा गाठी अडकतात आणि वरच्याचा भार हलका होतो. तोटा असा की त्याच गाठी पुली आणि प्रुसिकमधून (मुख्य दोराभोवती गुंडाळलेली, ताण आला की पकडणारी बारीक दोरी) जात नाहीत, म्हणून ओढायला मोकळा दोर वापरायचा.

हल्ली ६ मिमीचे हलके दोर मिळतात. वजन वाचतं, पण त्यावर ६ मिमीच्या दोरीची प्रुसिक पकडतच नाही, सरकते. पकडायची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, नाही तर दात असलेलं यांत्रिक उपकरण हवं. हे दुकानदार सांगत नाही.

प्रत्येकाकडे: हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), एक आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा स्क्रू), १२० सेंमीची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास), दोन प्रुसिक, तीन लॉक कॅराबिनर (दोर अडकवायच्या बंद होणाऱ्या कड्या). गटात मिळून दोन पुल्या, त्यातली एक मागे न सरकणारी. झेड पद्धतीत (दोर झेड अक्षरासारखा दोनदा वळवून ओढणं) कागदावर ताकद तिप्पट होते. पुलीऐवजी नुसते कॅराबिनर लावले तर घर्षणात जाऊन जेमतेम दुप्पट उरते. त्यात काठावर दोर बर्फात रुतला की दोघांनी ओढूनही माणूस हलत नाही. म्हणून ओढायच्या आधी काठाशी दोराखाली स्कीची काठी किंवा सॅक सरकवायची, आणि ती सुद्धा बांधून.

उतरताना सहसा दोर बांधत नाहीत, स्की करता येत नाही नीट. पण हार्नेस अंगावरच ठेवायचा आणि त्याला लावलेली स्लिंग खांद्यावरून हाताशी येईल अशी ठेवायची. आडवा पडलेला माणूस असेल तर त्याच्या पोटाशी हात घालून कॅराबिनर शोधावा लागत नाही.

केळीपट्टा_रावेर

तापीकाठ दादा, याचा सराव इथे करता येईल का? शेतात कोरडी विहीर आहे, ३५ फूट.

तापीकाठ

विहिरीचा काठ भेगेच्या काठासारखाच आहे, कल्पना वाईट नाही. पण आधी माणूस नको. पन्नास किलोचं ज्वारीचं पोतं बांधा आणि तिघांनी झेड पद्धतीने वर काढा. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. पहिल्या दिवशी पाऊण तास गेला तरी नवल नाही.

माणूस लटकवायचा तेव्हा वेगळ्या आधाराला बांधलेला दुसरा दोर, हेल्मेट, आणि त्याला कुठल्याही क्षणी खाली सोडता येईल अशी बांधणी. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकत राहिलं की माणूस बेशुद्ध होऊ शकतो. विहिरीचा कठडा ढासळलेला असेल तर नादच सोडा, कडुनिंबाच्या जाड फांदीवर प्रुसिकने चढायचा सराव करा. अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) मात्र बर्फातच शिकावा लागतो, आडवी स्की पुरून त्याला दोर बांधणं वगैरे. ते अंगणात होत नाही. त्यासाठी शामोनीत आधी दोन-तीन दिवसांचा हिमनदीचा कोर्स घ्या किंवा उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा बेसिक करा.

अमळनेरची_ताई

हार्शआयझन घ्यायचेच. एप्रिलमध्ये रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो. पंचवीस-तीस अंशांच्या उतारावर आडवं जाताना स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी) धरत नाही, आणि एकदा घसरायला लागलं की थांबायला काही नसतं. क्रॅम्पॉन सरळ चढायला ठीक, आडव्या लांब पट्ट्यात स्की पाठीवर घेऊन चालणं म्हणजे वेळ गेला. चूक अशी होते की लोक उताराच्या मध्यावर पोचल्यावर ते लावायला वाकतात. सपाटीवरच लावा. मापही बघा: स्की मधोमध ८८ मिमी असेल तर दात ९० ते ९५ मिमीचे हवेत. फार रुंद घेतले तर आडवं जाताना वाकतात. आणि टाचेखालचा उंचवटा चढवला की बऱ्याच बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवायची पकड) दात बर्फात कमी रुततात. घसरायला लागलं की टाच खाली घ्या.

हिमस्खलनाचं सामान, म्हणजे बीकन (गाडलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, प्रत्येकाकडे. एकाचं फावडं दोघांत चालत नाही. बीकनमध्ये साधे अल्कलाइन सेल. फोन त्याच्यापासून चालताना किमान २० सेंमी, शोधताना ५० सेंमी लांब. प्राफ्लरी हटहून दीस हटला जाताना तलावाच्या वरून लांब आडवी वाट आहे. तो उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन सगळ्यात आधी तिथे पडतं. लवकर पार करा, एकेक करून. स्वित्झर्लंडचं हिमस्खलनाचं बुलेटिन रोज संध्याकाळी ५ ला येतं. नुसता आकडा वाचू नका, कुठल्या दिशेचे आणि किती उंचीवरचे उतार धोक्याचे ते वाचा. व्हॅले प्रांतात सुटकेसाठी १४४, फ्रान्समध्ये ११२.

तयारीचं म्हणाल तर लळिंग किल्ल्याला दहा-बारा किलोची सॅक घेऊन पहाटे चढ-उतार करा, आठच्या आत घरी. लांब दिवसासाठी तोरणमाळ किंवा साल्हेर. रोजचा चढ साधारण हजार मीटर धरा, आणि तासाला ३०० ते ४०० मीटर न दमता जमायला हवेत. चढापेक्षा उतार जास्त करा, मांड्या स्कीच्या उतारात मोडतात. आणि खरं सांगू? सॅक पाठीवर घेऊन वरून कडक, आतून मऊ असलेल्या बर्फात वळता येतं का, याची परीक्षा गुलमर्गमध्येच होईल. ती एकदा देऊन या.

धुळ्याचा_भाऊ

व्हिसा: जास्त रात्री जिथे, त्या देशाचा. तुमच्या बहुतेक हट स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून स्विस. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हट बुकिंगचे ईमेल छापून जोडा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण साध्या प्रवासी विम्यात गिर्यारोहण आणि हेलिकॉप्टर सुटका बऱ्याचदा वगळलेली असते. अटींचं पान वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

हटमध्ये रात्रीचं जेवण मिळतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. झोपायला चादरीची पिशवी स्वतःची, ती सक्तीची असते. पाणी बर्फ वितळवून केलेलं, विकत घ्यावं लागतं. रोख फ्रँक ठेवा. आंघोळ विसरा.

घरून खाऊ नेताना दूध-तूप नको: पेढे, तुपातले लाडू, दुधातल्या दशम्या कस्टममध्ये अडकतात. शेंगदाणे, खजूर, केळीचे वेफर्स न्या. गंमत म्हणजे ताजं फळ नेताना जी थोडी फळं बिनकागदाची चालतात त्यात केळं आहे. रावेरवाल्यांची चैन. फक्त सॅकमध्ये घालू नका, काळा लगदा होईल.

केळीपट्टा_रावेर

खूप आभार सगळ्यांचे. चौघांत बोलणं झालं. गाइड घेतो, आधी तीन दिवसांचा हिमनदी कोर्स, आणि पिन्य दारोला हवा बघून. शेवटचा बारीक प्रश्न: म्युनिकवाला त्याच्या जुन्या स्किन दिवाळीत आणून देतोय. एप्रिलपर्यंत पत्र्याच्या माळ्यावर ठेवल्या तर चालतील?

अमळनेरची_ताई

माळ्यावर अजिबात नको. मार्चपासून पत्र्याखाली तापलं की गोंद पाघळतो. मग तो स्कीच्या तळाला चिकटून राहतो आणि पहिल्याच चढावर स्किन मागून सुटते. जाळी मध्ये घालून घडी करा, प्लॅस्टिक पिशवीत बंद करून घरातल्या सर्वात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. फ्रिजमध्ये जागा असेल तर आणखी चांगलं, पण आईला आधी विचारा.

जुन्या आहेत म्हणता, तर निघण्याआधी एकमेकींवर चिकटवून ओढून बघा. सहज सुटल्या तर गोंद संपलाय, नवा लावून घ्या. गोंदाचे तंतू ओढले जात असतील तरी तेच. वाटेत स्किन सुटली तर आधी तळ आणि गोंद कोरडा पुसा, मग रबरी पट्टा स्की आणि स्किनभोवती दोन ठिकाणी आवळा. प्रत्येकी दोन असे एकूण आठ पट्टे ठेवा. मोडलेली काठी, सैल बाइंडिंग, सगळ्याला तेच लागतात. उतरताना काढलेली स्किन जॅकेटच्या आत, छातीशी. सॅकमध्ये गोठली तर पुढच्या खिंडीत चिकटणार नाही.

केळीपट्टा_रावेर

फ्रिजचं आईला विचारलं. लोणच्याच्या बरणीमागे जागा मिळाली.